आधी टीममधून काढलं, मग फायनलला उतरवलं : पहिल्या वर्ल्डकपचा शेवटचा गोल मारणारा एका हाताचा कास्त्रो

आज मॅच अडकली की कोच बेंचकडे बघतो. ताज्या दमाचा भिडू मैदानात येतो, शेवटच्या मिनिटात गोल मारतो आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'सुपर-सब' म्हणून त्याचाच फोटो असतो. पण 1930 मध्ये पहिला फुटबॉल वर्ल्डकप झाला तेव्हा ही सोयच नव्हती. उतरलेल्या अकरा जणांनीच मॅच संपवायची, कुणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. वर्ल्डकपमध्ये मॅच सुरू असताना खेळाडू बदलायला परवानगी मिळाली थेट 1970 ला.

त्यामुळे तेव्हा बदली खेळाडू म्हणजे दुसऱ्याच्या जागी पहिल्या मिनिटापासून खेळणारा. हेक्टर कास्त्रो असाच फायनलमध्ये आला.

कास्त्रोचा जन्म 29 नोव्हेंबर 1904 चा, उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओमधला. तेरा वर्षांचा असताना विजेच्या करवतीत त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला. आता तुम्ही म्हणाल, फुटबॉल तर पायानं खेळतात, हाताचं काय काम? तर धावताना तोल सांभाळायला, हेडरसाठी उडी मारायला, अंगावर येणाऱ्या डिफेंडरला लांब ठेवायला हात लागतातच. तरीही तो नॅशनल या मोठ्या क्लबचा स्ट्रायकर झाला आणि 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या टीममध्येही होता. लोकांनी त्याला नाव दिलं 'एल दिविनो मान्को', म्हणजे दैवी थोटा. आज असं टोपणनाव कुणी ठेवणार नाही, पण तिथे ते कौतुकानंच घेतलं जायचं.

1930 चा वर्ल्डकप उरुग्वेतच होता. त्यासाठी बांधलेलं सेंतेनारिओ स्टेडियम स्पर्धा सुरू झाली तरी तयार नव्हतं. ते 18 जुलैला उघडलं आणि त्याच दिवशी उरुग्वेनं पेरूला 1-0 नं हरवलं. तो एकमेव गोल कास्त्रोचा होता. नव्या स्टेडियमवरचा पहिला आणि उरुग्वेचा वर्ल्डकपमधलाही पहिला.

आणि पुढच्याच मॅचला कास्त्रो टीमच्या बाहेर!

त्याच्या जागी आला पेरेग्रिनो अन्सेल्मो. त्यानं रोमानियाविरुद्ध एक आणि सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन गोल मारले. उरुग्वेनं ती सेमीफायनल 6-1 नं जिंकली. एवढं झाल्यावर कास्त्रोला कोण परत घेणार? पण अन्सेल्मो फायनल खेळलाच नाही. कुणी म्हणतं आजारी होता, कुणी म्हणतं दडपण आलं. जागा कास्त्रोला मिळाली.

30 जुलैची ही फायनल शेजारच्या अर्जेंटिनाशी होती. कुणाच्या बॉलनं खेळायचं यावरूनच वाद झाला, शेवटी एक हाफ त्यांचा बॉल, एक हाफ यांचा असं ठरलं. अर्जेंटिनाच्या बॉलवर झालेल्या पहिल्या हाफनंतर अर्जेंटिना 2-1 नं पुढे होती. दुसऱ्या हाफमध्ये सेआ आणि इरिआर्ते यांच्या गोलमुळे उरुग्वे 3-2 नं पुढे गेलं. पण एका गोलची आघाडी म्हणजे जीव टांगणीलाच. अर्जेंटिनाला बरोबरीसाठी एकच संधी पुरली असती.

89 व्या मिनिटाला दोरादोनं बॉक्समध्ये बॉल टाकला. कास्त्रो उडाला आणि हेडरनं बॉल जाळ्यात गेला. स्कोअर 4-2, अर्जेंटिनाचा खेळ खल्लास. पहिल्या वर्ल्डकपमधला हा शेवटचा गोल.

दुसऱ्या दिवशी उरुग्वेत राष्ट्रीय सुट्टी होती. तिकडे ब्युनोस आयर्समध्ये चिडलेल्या लोकांनी उरुग्वेच्या वाणिज्य दूतावासावर दगड मारले.

खेळणं थांबवल्यावर कास्त्रो कोच झाला. त्याच्या हाताखाली नॅशनलनं 1940 ते 1943 अशी सलग चार वर्षं उरुग्वेची लीग जिंकली आणि 1952 मध्ये पुन्हा एकदा. 15 सप्टेंबर 1960 ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्याचं निधन झालं. वर्ल्डकपमध्ये मॅच चालू असताना बेंचवरून खेळाडू आत येताना त्याला बघायला मिळालाच नाही.