दुष्काळात पोरकी झालेली लेक, दुष्काळातल्या लेकींची आई : पंडिता रमाबाईंची कहाणी

बीड : दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडं निघतात. दौंड-बारामतीच्या पट्ट्यात ज्यांनी ऊस तोडलाय, त्यांना केडगाव हे नाव ऐकून माहीत असेल. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं गाव. याच गावात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईनं दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींसाठी घर उभं केलं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथं, डोंगरातल्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसाला संस्कृत शिकवायचं नाही, असा तो काळ. तरी त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं. लोकांचा विरोध झाला, म्हणून जंगलात जाऊन राहिले. पुढं आईनं रमाबाईंना शिकवलं. हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ झाले. तीर्थक्षेत्री जायचं, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर पोट भरायचं, असं हे फिरतं कुटुंब होतं.

१८७० च्या दशकात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला, दागिने-भांडी विकून झाली. शेवटी झाडपाला खायची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आई अंथरुणाला खिळलेली असताना रमाबाई एका घरी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. पण तोंडातून शब्दच फुटेना, नुसतं रडू आलं. हा प्रसंग त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले. उत्तरेतल्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा नदीकाठी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या.

नशीब मात्र पाठ सोडत नव्हतं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला. पंचविशीच्या आत विधवा झालेल्या रमाबाई लेकीला घेऊन पुण्याला आल्या आणि बायकांच्या शिक्षणाचं काम त्यांनी सुरू केलं. १८८३ मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यावरून महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. पण तिकडच्या धर्मगुरूंचं सगळं मुकाट ऐकून घेणाऱ्याही त्या नव्हत्या. प्रश्न विचारायच्या, पटलं नाही तर तसं सांगायच्या.

प्रार्थनेवरून वाद

अमेरिकेत फिरून त्यांनी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. इथं कुणावर धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई रोज सकाळी लेकीला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थनेला बसायच्या आणि दार उघडंच ठेवायच्या. हळूहळू काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पालकांना हे खपलं नाही. मुलींना बाटवायचं चाललंय, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक बाजूला झाले आणि १८९३ मध्ये बऱ्याच मुलींना घरी नेण्यात आलं. पालकांची भीती समजण्यासारखी होती, कारण विधवा लेक धर्म बदलून आली तर गावात तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतलं नाही. ज्या मुली राहिल्या, त्यांना घेऊन काम चालू ठेवलं.

केडगावची मुक्ती

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पोरक्या मुलींना फसवून नेणारे लोक फिरू लागले होते. स्वतः उपाशी दिवस काढलेल्या रमाबाईंना घरात बसवेना. त्या तिकडं गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढी माणसं तिथं ठेवता येईनात. मग केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या टाकून सगळ्यांची सोय केली. तेच पुढं मुक्ती सदन झालं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्याही मुली आणल्या. संख्या दीड हजारांच्या वर गेली.

एवढ्या तोंडांना रोज जेवायला घालायचं म्हणजे खेळ नव्हता. विहिरी खोदल्या, शेती केली, जनावरं पाळली. मुली विणकाम, शिवणकाम, दूधदुभतं, छपाई शिकल्या. आंधळ्या मुलींनाही वाचायला शिकवलं. दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं आणि मग लगेच काम, असा तिथला नेम होता.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. आधीचं मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना जड जातं, साध्या बाईला कळेल असं हवं, हा त्यांचा हेतू. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ज्या लेकीवर पुढचं सगळं सोपवायचं होतं, तीच गेली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या अंबाजोगाईत मुकुंदराजांचं, दासोपंतांचं स्मरण होतं, तसंच ख्रिस्ती लोकांतही संतांचे आणि थोर भक्तांचे दिवस ठरलेले असतात. त्या दिवशी प्रार्थनेत त्यांचं नाव घेतात. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात ५ एप्रिल आणि इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या नावानं आहे. भारत सरकारनंही १९८९ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं.

रमाबाईंचा धर्म कुणाला पटेल, कुणाला नाही. पण पाऊस हुकला की पहिला फटका पोरींना बसतो, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. आधी शाळा सुटते, मग लग्न उरकलं जातं. अशा पोरींसाठी काय करता येतं, हे रमाबाईंनी करून दाखवलं. केडगावची मुक्ती आजही चालू आहे. त्या बाजूला कामाला गेलात, तर लेकीला ही गोष्ट जरूर सांगा.