दोराबजी टाटा : बायको रक्ताच्या कॅन्सरने गेली, सगळी दौलत परक्यांच्या नावे केली

सीबीडी बेलापूर : गावाकडून पेशंट घेऊन निघालेली बरीच माणसं लोकलने बेलापूर ओलांडून पुढच्याच खारघर स्टेशनला उतरतात. हातात फाइल, खांद्याला पिशवी, कधी कडेवर पोर. त्यांना जायचं असतं टाटाच्या कॅन्सर केंद्रात. या नावामागचा माणूस मात्र फार कुणाला ठाऊक नाही.

ते सर दोराबजी टाटा. जमशेदजींचे थोरले चिरंजीव, जन्म मुंबईत २७ ऑगस्ट १८५९ चा. १९०४ मध्ये वडील गेले आणि कारभार अंगावर आला. जमशेदपूरचा पोलाद कारखाना, आपल्या खोपोलीचं वीजघर त्यांच्याच काळातलं. पुण्यात शेतकऱ्यांची पोरं अनवाणी शर्यतीत धावताना पाहिली, तर १९२० च्या ऑलिंपिकला खेळाडू धाडायचा पुष्कळसा खर्च त्यांनी खिशातून केला.

पण सगळंच गोड नाही. मुळशीचं धरण टाटांच्याच वीज कंपनीचं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्याच. दोराबजींची गोष्ट सांगताना हे झाकून चालणार नाही.

पत्नी मेहरबाईंसाठी त्यांनी २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा घेतला होता. १९२४ मध्ये पोलाद कारखान्यात पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्या हिऱ्यासकट घरची मालमत्ता बँकेत तारण ठेवली. मेहरबाई नुसत्या दागिने मिरवणाऱ्या नव्हत्या. बालविवाह बंद व्हावेत म्हणून त्या झटल्या.

१८ जून १९३१ रोजी मेहरबाई रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. एवढा पैसा असून उपयोग झाला नाही, कारण त्या आजारावर तेव्हा औषधच नव्हतं. पोटी मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी, मार्च १९३२ मध्ये, दोराबजींनी जवळपास सगळी मालमत्ता एका ट्रस्टच्या नावे केली. एप्रिलमध्ये मेहरबाईंच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी दुसरा ट्रस्ट काढला. जात-धर्म न बघता मदत करायची, असं ठरवून ठेवलं. देवस्थानची जमीन न विकता तिच्या खंडावर दिवाबत्ती चालते ना, तसंच हे. कंपनीचे शेअर ट्रस्टकडे राहायचे आणि नफ्याचा वाटा कामाला लावायचा. पुढे हिराही विकला, ते पैसे ट्रस्टला मिळाले.

त्या ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची ‘टिस’. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ नंबर १९९६ मध्ये तिथूनच सुरू झाला. परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे, म्हणजे आज तिथं सरकारी पैसाही लागतो. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख होमी भाभा हे मेहरबाईंचे भाचे.

ज्या आजाराने मेहरबाई गेल्या, त्यातून आज पुष्कळ लहान मुलं बरी होऊन घरी जातात. जे बरे होण्यापलीकडे गेलेत त्यांचं दुखणं कमी करायला परळला वेगळा विभाग आहे, आणि त्याची माणसं मुंबईत पेशंटच्या घरीही जातात.

दोराबजींना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. ट्रस्ट करून तीन महिने होत नाहीत तोच, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीत त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडला मेहरबाईंच्या शेजारी त्यांना ठेवलं आहे.