जगद्गुरू श्रीसंत तुकाराम महाराज : अंतरीच्या शत्रूंवर विजय

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीकाठी वसलेले श्रीक्षेत्र देहू ही श्रीसंत तुकाराम महाराजांची जन्मभूमी व कर्मभूमी होय. बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी इ. स. १६०८ च्या सुमारास महाराजांचा जन्म झाला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांची श्रीविठ्ठलभक्ती व गावची महाजनकी नांदत होती.

तारुण्यातच मातापित्यांचे छत्र हरपले. १६३० च्या भीषण दुष्काळात प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून निवर्तल्या, पुत्र संतू गेला, व्यापारही बुडाला. अशा प्रसंगी मन कडवट व्हावे, हे स्वाभाविकच. महाराजांनी मात्र भंगलेल्या कुलदेवालयाचा जीर्णोद्धार केला आणि भामचंद्र व भंडारा डोंगरांवरील एकांतात स्वतःच्याच मनाशी झुंज मांडली.

पहिला शत्रू लोभ. वडिलार्जित सावकारीची कर्जखते घरात होती. धाकटे बंधू कान्होबा यांना त्यांचा निम्मा वाटा देऊन आपल्या वाट्याची खते महाराजांनी इंद्रायणीत बुडविली. बंधूच्या हक्कास धक्का लागला नाही आणि गोरगरीब ऋणमुक्त झाले.

दुसरा शत्रू क्रोध. परंपरा सांगते की, मत्सरग्रस्त मंबाजीने महाराजांना काटेरी फांद्यांनी मारले. त्याच रात्री तो कीर्तनास आला नाही, हे पाहून महाराज स्वतः त्याच्या घरी गेले व आदराने त्यास घेऊन आले.

तिसरा शत्रू अहंकार. हा सर्वांत सूक्ष्म. कारण तो सत्कर्माच्या आडूनच शिरतो. कीर्ती वाढू लागली तसे महाराज अधिकच सावध झाले. लोक संत म्हणून पाया पडत असता, आपल्या अंतरीचे दोष आपणच जाणतो, अशी कबुली त्यांनी अभंगांतून वारंवार दिली. मन व जग यांच्याशी अहोरात्र चाललेले हे युद्ध त्यांनी कधी लपविले नाही.

अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा महाराज तेरा दिवस शिळेवर निराहार बसले. वह्या तरल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. विरोध करणारे रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले.

इ. स. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराजांनी वैकुंठगमन केले. ही तिथी तुकाराम बीज म्हणून साजरी होते.

शिळेवर मस्तक ठेवताना भाविकांनी स्वतःच्या अंतरातील एखादा शत्रू ओळखावा व त्याच्याशी झुंजण्याचे बळ मागावे. हेच या क्षेत्राचे खरे दर्शन होय.