वयाच्या २२ व्या वर्षी विनापरवाना रेडिओ चालवला म्हणून उषा मेहतांना ४ वर्षांची शिक्षा झाली होती

आज सोलापुरात एखाद्याने गच्चीवर छोटा ट्रान्समीटर बसवून गल्लीपुरता रेडिओ सुरू केला, तरी तो गुन्हा ठरतो. अमेरिकेत मध्यम लहरींवर १०० मिलिवॅटपर्यंत विनापरवाना प्रसारण चालतं, आपल्याकडे नाही.

याची मुळं इंग्रजांच्या कायद्यात आहेत. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने संदेशवहनाचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला. १९३३ चा कायदा त्याहून कडक. बिनतारी यंत्र नुसतं घरात ठेवायलाही परवाना लागायचा. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर तर हौशी लोकांचे परवानेही काढून घेतले.

अशा काळात उषा मेहतांनी काँग्रेस रेडिओ चालवला.

उषाबेन मूळच्या सुरतेजवळच्या सरस गावच्या, जन्म २५ मार्च १९२०. वडील इंग्रजांच्या नोकरीत न्यायाधीश होते. पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि उषाबेन विल्सन कॉलेजात शिकल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये बडे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांची तोंडं बंद झाली. तेव्हा बाबूभाई खाकर आणि इतर साथीदारांसोबत त्यांनी २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर प्रसारण सुरू केलं. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धनही यात होते. चिमूर आणि आष्टीत काय घडलं, हे छापायची पेपरांची हिंमत नव्हती. लोकांना ते या रेडिओवर कळायचं.

पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून जागा सारखी बदलावी लागे. तरी १२ नोव्हेंबरला घात झाला. ट्रान्समीटर उभारणारा तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्यानेच ठिकाण दाखवलं. बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड पडल्याचं उषाबेनना कळलं होतं. पळून जाता आलं असतं. पण त्या थेट प्रसारणाच्या जागी गेल्या आणि कार्यक्रम सुरू केला. पोलीस दार फोडून आत आले तेव्हा वंदे मातरमची रेकॉर्ड वाजत होती. ती बंद करायला त्यांनी नकार दिला.

मग कित्येक महिने चौकशी. परदेशात शिकायला पाठवण्याचं आमिषही दाखवलं गेलं. उषाबेन बोलल्या नाहीत. कोर्टातही गप्प राहिल्या. बाबूभाईंना ५ वर्षं, चंद्रकांत झवेरींना १ वर्ष आणि उषाबेनना ४ वर्षं शिक्षा झाली. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी सुटले. येरवड्यातून उषाबेन १९४६ मध्ये बाहेर आल्या. त्यानंतर गांधीजींच्या विचारांवर पीएचडी केली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या.

गंमत म्हणजे त्यांना पकडणारे गेले, पण १८८५ आणि १९३३ चे कायदे स्वतंत्र भारतातही तसेच चालू राहिले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगितलं. पुढे शिक्षणसंस्था आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही १०० वॅटपर्यंतचा सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला, तोही एफएमवर आणि परवाना घेऊनच. २०२३ मध्ये जुन्या कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा आणला गेला, परवानगीची अट मात्र आहेच. आणि ज्या बातम्यांसाठी उषाबेन तुरुंगात गेल्या, त्या स्वतःच्या बातम्या खासगी एफएमला आजही देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात.