बापाने नाद सोडलेलं मशीन पोराने पूर्ण केलं आणि गव्हाची सोंगणीच बदलली

गहू पिकला की तो कुणासाठी थांबत नाही. वेळेत सोंगला नाही तर दाणे झडायला लागतात, त्यात पाऊस आला तर वर्षभराची मेहनत मातीत. आज फोन केला की हार्वेस्टर वावरात हजर होतो. पण 200 वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्याकडेही विळाच होता. विळ्याने एक माणूस दिवसभरात जेमतेम अर्धा एकर सोंगायचा. लांब दांड्याचं मोठं पातं वापरलं तर फार तर दोन-तीन एकर.

म्हणजे जमीन कितीही असली तरी गहू पेरायचा तेवढाच, जेवढा वेळेत सोंगून होईल. ही अडचण सोडवणारा माणूस म्हणून जगाला नाव माहीत आहे सायरस मॅकॉर्मिक यांचं.

सायरस यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1809 चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. घरची शेती, आणि शेतातच लोहारकामाचं दुकान. वडील रॉबर्ट यांना कापणीचं मशीन बनवायचा नाद होता. वर्षानुवर्षं खटपट केली, पण मशीन काही नीट चालेना. शेवटी त्यांनी नाद सोडला.

मग 22 वर्षांच्या सायरसने ते काम हातात घेतलं. 1831 च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या ओट्सच्या शेतात त्याने मशीन चालवून दाखवलं.

मशीन चालायचं कसं? पुढे घोडा जुंपलेला. जमिनीवर फिरणाऱ्या चाकाची गती दातेरी चाकांमधून पात्याला मिळायची आणि ते करवतीसारखं डावीकडे-उजवीकडे सरकायचं. लोखंडी बोटं देठांना जागेवर धरून ठेवायची. वर फिरणारी फिरकी पीक पात्याकडे झुकवायची. कापलेलं पीक मागच्या फळीवर पडायचं आणि बाजूने चालणारा माणूस ते दाताळ्याने खाली ओढायचा. आजच्या हार्वेस्टरच्या तोंडाशी नीट बघा, फिरकी आणि पातं तिथे अजूनही दिसेल.

हे मशीन बनवताना सायरससोबत राबणारा आणखी एक माणूस होता, जो अँडरसन. तो मॅकॉर्मिक कुटुंबाचा गुलाम होता. 1834 मध्ये पेटंट मिळालं, त्यावर नाव फक्त सायरसचं. पुढे सायरस शिकागोला गेला, अँडरसन मात्र व्हर्जिनियातच गुलाम म्हणून राहिला.

पेटंट मिळालं म्हणून पैसा आला, असंही झालं नाही. ओबेड हसी नावाच्या संशोधकाने 1833 मध्येच आपल्या मशीनचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. त्यात मॅकॉर्मिक कुटुंबाने लोखंडाची भट्टी टाकली आणि 1837 च्या मंदीत ती बुडाली. कर्ज डोक्यावर. कापणीचं मशीन विकायला सुरुवात झाली तीच 1840 च्या सुमारास, तीही एक-दोन अशी.

व्हर्जिनियाची जमीन उंच-सखल, दगडगोट्यांची. मशीनला हवी होती सपाट रानं, आणि ती होती पश्चिमेला. हे ओळखून सायरसने 1847 मध्ये शिकागोला कारखाना टाकला. तेव्हा शिकागो छोटंच शहर होतं.

खरा खेळ इथून सुरू झाला. शेतकऱ्याकडे एकरकमी पैसे नाहीत? थोडे आता द्या, बाकी पीक हातात आल्यावर. मशीन चालेल की नाही ही भीती? लेखी गॅरंटी घ्या. बिघडलं तर? गावोगावी एजंट आणि सुटे भाग तयार. भाव ठरलेला, घासाघीस नाही. 1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात इंग्रजी वर्तमानपत्राने आधी या मशीनची टर उडवली. शेतात चाचणी झाली, तेव्हा त्याच मशीनला मोठं पदक मिळालं.

कोर्टात मात्र मार खाल्ला. 1848 मध्ये पेटंटची मुदत वाढवून मिळाली नाही. मग मॅनी नावाच्या प्रतिस्पर्ध्यावर केलेला खटलाही ते हरले. मॅनीच्या वकिलांमध्ये एक होते अब्राहम लिंकन. सोबतच्या वकिलांनी त्यांना बाजू मांडूच दिली नाही, हा भाग वेगळा.

1861 ला यादवी युद्ध पेटलं. सायरस दक्षिणेचे, युद्ध मिटवा म्हणणारे. पण उत्तरेकडची माणसं सैन्यात गेल्यावर तिथला गहू सोंगला तो अशाच मशीननी. 1871 च्या आगीत शिकागोसोबत त्यांचा कारखानाही खाक झाला. तेव्हा वय 62. पत्नी नेटी यांनी आग्रह धरला आणि कारखाना पुन्हा उभा राहिला.

अजून एक काम बाकी होतं, पेंढ्या बांधायचं. आधी तारेने बांधणारी मशीन आली, पण तारेचे तुकडे जनावरांच्या पोटात जातील ही धास्ती होती. जॉन ॲपलबी यांनी सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा शोधली आणि मॅकॉर्मिक यांच्या कंपनीने 1881 मध्ये ती वापरायला घेतली. सुतळीने गाठी बांधणाऱ्या आजच्या बेलरमध्ये गाठ मारणारा भाग त्याच वळणाचा असतो.

13 मे 1884 ला सायरस वारले. 1902 मध्ये त्यांची कंपनी इतरांसोबत मिळून इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. याच कंपनीसोबत महिंद्राने 1963 मध्ये भागीदारी करून भारतात ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली.

वडील, अँडरसन, हसी, ॲपलबी. मशीन एकट्याचं कधीच नव्हतं. सायरस यांनी ते शेतकऱ्याला परवडेल अशा हप्त्यात त्याच्या वावरापर्यंत पोचवलं. त्यामुळे नाव त्यांचं राहिलं.