गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५) हे मराठी पत्रकार, निबंधकार, शिक्षणतज्ज्ञ आणि समाजसुधारक होते. ते 'केसरी' या वृत्तपत्राचे पहिले संपादक आणि 'सुधारक' या वृत्तपत्राचे संस्थापक होत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. बुद्धिप्रामाण्यवादी विचारवंत म्हणून ते प्रामुख्याने ओळखले जातात. तथापि नास्तिक, अज्ञेयवादी, व्यक्तिस्वातंत्र्यवादी, मवाळ, राष्ट्रवादी यांपैकी कोणते विशेषण त्यांना यथार्थपणे लागू पडते, याविषयी त्यांच्या हयातीपासून मतभेद आहेत.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. घरच्या दारिद्र्यामुळे त्यांचे शिक्षण कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला अशा निरनिराळ्या ठिकाणी नातेवाइकांच्या आश्रयाने झाले. अकोल्यास असताना त्यांनी 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लेखन केले. १८७५ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी १८७८ मध्ये बी. ए. आणि १८८० मध्ये एम. ए. ही पदवी संपादन केली. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वचिंतकांचा त्यांच्यावर याच काळात खोल प्रभाव पडला. बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेहही याच महाविद्यालयात जुळला. सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा निर्धार दोघांनी केला. मोठ्या पगाराची आशा ठेवू नये, असे आगरकरांनी आपल्या आईला पत्राने कळविले होते.

'केसरी'चे संपादकपद आणि कारावास

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० मध्ये स्थापन केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर शिक्षक म्हणून रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी 'मराठा' हे इंग्रजी आणि 'केसरी' हे मराठी पत्र सुरू केले. 'केसरी'चे संपादकत्व आगरकरांकडे आले.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे छळ करीत असल्याचा आरोप या दोन्ही पत्रांनी केला. ज्या पत्रांच्या आधारे हा आरोप केला होता ती बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या काळात महात्मा फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी त्यांना जामिनासाठी साहाय्य केले. प्रत्यक्षात १०१ दिवस तुरुंगवास भोगून दोघे ऑक्टोबरमध्ये सुटले. हा अनुभव आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' या पुस्तकात मांडला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे त्यांचे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

'केसरी'शी फारकत आणि 'सुधारक'

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्यातून निर्माण झालेल्या वादात 'केसरी'च्या चालकांमधील मतभेद उघड झाले. सामाजिक सुधारणेसाठी परकीय सरकारच्या कायद्याचे साहाय्य घ्यावे की नाही, हा कळीचा प्रश्न होता. आगरकरांना असे साहाय्य घेण्यात गैर वाटत नव्हते. टिळकांचा त्यास विरोध होता. अखेर १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केला. त्याचा मराठी विभाग ते स्वतः लिहीत, तर इंग्रजी विभागाची जबाबदारी प्रारंभी गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे होती. त्या काळी सुधारक हा शब्द सनातनी मंडळी उपहासाने वापरीत. आगरकरांनी तोच आपल्या पत्राच्या मथळ्यावर घेतला.

टिळक-आगरकर वादाचे कारण केवळ वैचारिक होते, असे मात्र म्हणता येत नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचे वेतन, बाहेरील मिळकत आणि कारभार या प्रश्नांवरूनही त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. त्यांची परिणती टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा देण्यात झाली.

विचारसरणीविषयीचे मतभेद

सामाजिक की राजकीय: आधी सामाजिक सुधारणा मागणारे आगरकर आणि आधी स्वातंत्र्य मागणारे टिळक, अशी विभागणी शालेय पुस्तकांतून रूढ झाली आहे. आगरकरांच्या चरित्राशी ती पुरती जुळत नाही. राजकीय लेखनासाठी तुरुंगात गेलेल्या पहिल्या मराठी संपादकांपैकी ते एक होते. 'सुधारक'मध्येही त्यांनी देशाचे दारिद्र्य आणि इंग्रजी राज्यकारभाराचे दोष यांवर टीका केली. राजकीय व सामाजिक सुधारणा एकाच वेळी व्हाव्यात, अशी त्यांची धारणा होती. 'गुलामांचे राष्ट्र' या निबंधात त्यांनी स्वतंत्र विचार करण्याची सवय गमावलेल्या समाजाची मीमांसा केली आहे. सुधारणावादी म्हणजे राजनिष्ठ, हा त्यांच्या विरोधकांनी केलेला आरोप या लेखनापुढे टिकत नाही.

नास्तिक की अज्ञेयवादी: समकालीन विरोधक त्यांना नास्तिक म्हणत. सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. स्पेन्सरच्या प्रभावामुळे अनेक अभ्यासक त्यांना अज्ञेयवादी मानतात. विश्वाच्या आदिकारणाचे ज्ञान मानवी बुद्धीला होऊ शकत नाही, अशी ही भूमिका आहे. दुसऱ्या मतानुसार, देवकल्पना व कर्मकांड यांवरील त्यांची टीका पाहता नास्तिक हाच शब्द अधिक नेमका ठरतो. नीतीला धर्माच्या आधाराची आवश्यकता नाही, हे त्यांचे मत दोन्ही पक्षांना मान्य आहे. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या धर्माचरणात आगरकरांनी आडकाठी केली नाही.

व्यक्तिवाद आणि कायदा: मिलच्या प्रभावामुळे त्यांना व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हटले जाते. स्पेन्सरचा तर राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपास कडवा विरोध होता. असे असूनही मुलींसाठी शरीरसंबंधास संमतीचे किमान वय १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यास आगरकरांनी पाठिंबा दिला. काही टीकाकारांना यात विसंगती दिसते. याउलट, ज्या मुलीला स्वतःची संमती देण्याचे वयच आलेले नाही, तिच्या स्वातंत्र्याचे रक्षण कायद्यानेच होऊ शकते, या दृष्टीने पाहिल्यास ही भूमिका व्यक्तिवादाशी सुसंगत ठरते.

सुधारणेची व्याप्ती: जातिभेद, केशवपन, बालविवाह यांवर आगरकरांनी प्रखर टीका केली आणि स्त्रियांना पुरुषांप्रमाणेच शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. स्त्रियांच्या पोशाखासारखा विषयही त्यांनी वर्ज्य मानला नाही. तथापि त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः शहरी व पांढरपेशा होता. महात्मा फुले यांच्याप्रमाणे शेतकरी व शूद्रातिशूद्र त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी नव्हते, असा आक्षेप पुढील काळात घेतला गेला.

या सर्व विशेषणांना त्यांच्या लेखनात काही ना काही आधार सापडतो. मात्र रूढी असो वा कायदा, धर्मग्रंथ असो वा सरकार, प्रत्येकास विवेकाच्या कसोटीवर घासून पाहण्याची त्यांची पद्धत सर्वत्र कायम राहते. त्यामुळे बुद्धिप्रामाण्यवादी हे विशेषण सर्वाधिक स्वीकारले गेले आहे.

अखेरची वर्षे

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार त्यांना दीर्घकाळ होता. आपल्या अंत्यविधीचा खर्च त्यांनी स्वतःच वेगळा काढून ठेवला होता, असे सांगितले जाते. १७ जून १८९५ रोजी वयाच्या ३८ व्या वर्षी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वैर विसरून टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनावेळी, काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवावी की नाही यावरून मोठा वाद झाला आणि परिषद अन्यत्र भरवावी लागली. आगरकर हयात नसतानाही त्यांच्या आयुष्यातील मुख्य वाद पुण्यात चालूच राहिला.

वारसा

मराठी वैचारिक निबंधाच्या जडणघडणीत आगरकरांचे स्थान महत्त्वाचे आहे. 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' (१८८८) हा त्यांचा व्याकरणविषयक ग्रंथही प्रसिद्ध आहे. म. गं. नातू व दि. य. देशपांडे यांनी त्यांचे समग्र वाङ्मय संपादित केले. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेले 'नवा सुधारक' हे मासिक, जे पुढे 'आजचा सुधारक' या नावाने निघू लागले, आगरकरांच्याच विवेकवादी परंपरेतील होते. विश्राम बेडेकर यांचे 'टिळक आणि आगरकर' हे नाटक या दोन मित्रांच्या स्नेहावर व संघर्षावर आधारलेले आहे.