पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोक रागावले, पण त्यांनी ऐकले नाही. रमाबाईंना आईनेच शिकवले. आईला दिवसभर काम, म्हणून ती पहाटे उठवून शिकवायची. मला तर पहाटे उठवतच नाही!

दुष्काळात आईवडील गेले. पुढे नवराही वारला. पदरात लहानगी मनोरमा. रमाबाई विलायतेत शिकायला गेल्या व तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी आपल्या भिवंडीजवळच्या मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. मग दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या बायकापोरींना केडगावला आणले. तिथे छापखानासुद्धा बायकाच चालवायच्या. मनोरमाही मोठी होऊन तिथल्या मुलींना शिकवू लागली. ती १९२१ मध्ये आईच्या आधीच गेली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या.